उजव्या हाताचा मोजा

नाही हो साहेब, माझा नाही तो. पिशवीतून दिसतंय तेवढं पुरे आहे मला, बाहेर काढायची गरज नाही. तुम्ही बसा ना आधी, उभे का — ती नको, त्या खुर्चीचा पाय हलतो, ही घ्या, आणि उशीवर मांजराचे केस असतील तर झटका जरा. राग मानू नका, पण मी हातातलं काम खाली ठेवणार नाही. टाच वळवतेय. मोज्याची टाच अर्ध्यात सोडली ना, की पुन्हा हातात घेतल्यावर आपण कुठे होतो तेच कळत नाही, मग बसा उसवत. तुम्ही बोला, कान मोकळे आहेत माझे, हात तेवढे अडकलेत. — काय? गल्लीच्या तोंडाशी विचारलंत, विणणारी बाई कुठे राहते, आणि माझं दार दाखवलं? दाखवणारच. त्या इस्त्रीवाल्याला दुसरं काम काय आहे! या वस्तीत सुया हातात धरणाऱ्या बायका मोजायला गेलात तर संध्याकाळ होईल, पण बोट दाखवायची वेळ आली की ते माझ्याकडे. चांगलं विणते ना, त्याची शिक्षा. अहो, थंडी पडली की घराघरातून सुया निघतात, जिला साधी एक उलट एक सुलट पट्टी धड येत नाही तीसुद्धा नवऱ्यासाठी हातमोजे घालायला घेते. त्यातल्या कुणाचाही असेल तो. हातमोजे काय, रस्त्यात पडतात, वाऱ्याने उडतात, कुत्री तोंडात धरून पळवतात. एका हातमोज्यावरून माणूस शोधायला निघालात म्हणजे कमाल आहे तुमची.

हो, मुलगा आहे मला. एकच. त्याचं काय? घरी नाही तो. मामाकडे गेलाय — माझ्या भावाकडे, छपराचं काम काढलंय त्यांनी, वर चढायला कुणीतरी हवं म्हणून बोलावून घेतलं. कधी म्हणजे — परवा. नाही, काल. काल सकाळी गेला, परवा कुठून आलं माझ्या तोंडात कोण जाणे, टाके मोजता मोजता बोललं की अशी सरमिसळ होते माझी. फोन? त्या बाजूला लागत नाही हो फोन. मी केला होता, सकाळपासून करतेय — म्हणजे असाच, पोचला का विचारायला. पोचला असणारच. ते ताट? ते माझंच आहे. भूक नव्हती, ठेवलं झाकून. दोन वाट्या कशा म्हणजे? मला लागतात दोन वाट्या. साहेब, तुम्ही आल्यापासून बघतेय मी, नजर कशी भिरभिरतेय तुमची, ताटावर काय, खुंटीवर काय, आतल्या दारावर काय. आत लोकर आहे फक्त. उघडून बघा हवं तर, दार नुसतं ओढलंय. नाही बघायचं? मग स्वस्थ बसा. किटलीत चहा आहे, तुमच्या हातानेच ओतून घ्या, मला उठता येत नाही.

हे? हे पायमोजे. वेणीची वीण म्हणतात हिला — टाके एका जास्तीच्या सुईवर बाजूला काढून ठेवायचे, मागचे आधी विणायचे, मग बाजूचे, की वेणी पडते. आणि मधल्या जागेत असे दाणे उठवायचे. दिसायला छान म्हणून नाही करत मी. बुटात पाय घसरत नाही याने, आणि उंचवट्यांमध्ये ऊब धरून राहते, सपाट मोज्यात ती राहत नाही. दिवसभर उभं राहून ओझी उचलणाऱ्याला विचारा, त्याला कळतं. कुणासाठी म्हणजे? दुकानवालीसाठी. ती घेऊन जाते माझ्याकडून, तिच्या गिऱ्हाइकासाठी. हो, पाऊल मोठं आहे. असतं एखाद्याचं भलंमोठं पाऊल, मी काय माप घ्यायला जाते का कुणाचं? ती सांगते, मी करते. बघा, तुमच्याशी बोलताना एक टाका जास्त घेतला मी. आता हा मागे घ्यायला हवा.

लोकरीच्या गिरणीच्या गोदामाचं कळलं मला, हो. दूधवाल्याने सांगितलं सकाळी. कुलूप तोडलं म्हणे रात्री कुणीतरी, आणि पहारेकरी आडवा आला तर त्याला ढकललं, पायरीवर डोकं आपटलं बिचाऱ्याचं. कसा आहे तो? शुद्धीवर आला का? — नाही अजून. देवा रे. ओळखते ना मी त्याला, चांगलं ओळखते, त्याच्या बायकोच्या टाचांना भेगा पडतात म्हणून दर हिवाळ्यात मऊ लोकरीचे मोजे देते मी तिला. कुणाच्या वाटेला न जाणारा माणूस. ज्याने ढकललं त्याचे हात — नको. शाप नये देऊ माणसाने. तेही कुणाचं तरी लेकरूच आहे. घाबरलं असेल, अंधारात समोर माणूस आला म्हणून नुसता हात पुढे केला असेल, त्याच्या मनात नसेल हो कुणाला पाडायचं, अंगात जोर जास्त असला की त्यालाच कळत नाही किती जोराने — असं मला वाटतं. मी आपली घरात बसून अंदाज बांधतेय. तुम्ही बघितलंय सगळं, तुम्हाला माहीत.

होता, माझा मुलगा त्या गिरणीत होता. खोटं कशाला बोलू, तुमच्याकडे सगळं असणारच. उंच आहे म्हणून लांब्या म्हणायचे त्याला, वरच्या फळीवर गठ्ठे टाकायला शिडी लागायची नाही. मुकादमाशी वाजलं आणि काढून टाकलं. वाजलं म्हणजे त्याने हात उगारला. उगारला, मारला नाही. तो मुकादम सगळ्यांसमोर काय काय बोलला ते कुणी विचारलं नाही, याचा वर गेलेला हात तेवढा सगळ्यांनी बघितला. तेव्हाही तुमच्यातले एकजण आले होते, वयस्कर, झुपकेदार मिशांचे, तुम्ही बसलात तिथेच बसून म्हणाले, बाई, या वेळी समज देऊन सोडतो, पुन्हा याचं नाव आलं तर थेट आत जाईल, आणि लवकर बाहेर यायचा नाही. माझ्या लक्षात आहे. त्याच्याही आहे. त्या दिवसापासून तो त्या रस्त्याने जात नाही, लांबचा वळसा घालून बाजाराला जातो, विचारा कुणालाही. आणि म्हणून सांगतेय, उगाच त्याच्या मागे लागू नका. एवढाच आहे मला तो. वडील गेल्यापासून या घरात तो आणि मी आणि हे मांजर, तिघंच. तुम्ही त्याला आत टाकलंत तर तो बाहेर येईपर्यंत मी असेन का, हे तुम्हीच सांगा.

काढलात शेवटी बाहेर? बरं, द्या इकडे. गारठलाय किती! आणि ओला आहे. तारेत अडकला होता म्हणता, कुंपणाच्या, मागच्या बाजूच्या — मग दवाने भिजला असेल. तळहात फाटलाय पार. हे डाग कसले आहेत? गंज. गंजच असणार, काटेरी तारेला गंज असतो. नाही का? असो. तो टाका बघा, सुटत चाललाय, असाच ठेवलात तर मनगटापर्यंत उसवत जाईल, ती पिन द्या जरा, मी अडकवून — का नाही? हात लावायचा नाही म्हणजे? आत्ता तर दिलात हातात. पुरावा आहे म्हणून डोळ्यांदेखत उसवू द्यायचा का? ठीक आहे. ठीक आहे. तुमचा मोजा, तुम्ही आणि तो बघून घ्या.

तर माझं काम नाही हे. कसं, ते सांगते. दोन रंगांची वीण असली ना, की एका वेळी एकच रंग वर दिसतो, दुसरा आतून चालत असतो. मग तो वर येतो, पहिला आत जातो. आतला दोरा ताणलात तर मोजा आवळतो, हात आत जात नाही. सैल सोडलात तर आतून फासे लोंबतात, घालताना बोटं अडकतात. नवशिक्या बायका इथेच फसतात. मी काय करते, आतला दोरा जरा जरा अंतरावर टाक्याखाली पकडून घेते, म्हणून माझ्या मोज्याची आतली बाजू बाहेरच्यासारखी साफ असते, दुकानवाली गिऱ्हाइकाला मुद्दाम उलटा करून दाखवते. आता हा करा उलटा. करा ना, मी हात नाही लावत. दिसेल तुम्हाला सगळं कसं लोंबतंय ते, एका नजरेत — हं. हा बराय तसा. हिनेही पकडून घेतलाय वाटतं दोरा. घेतात हो, बऱ्याचजणी घेतात.

काय म्हणालात? माझ्या नणंदेकडे जाऊन आलात? माझ्या आधी? मग हे आल्या आल्या नाही का सांगायचं! नाही, आमचं बोलणं नाही. किती वर्षं झाली. कारण काय, कारण हेच, मोजे. ही नागमोडी नक्षी आहे ना, ही माझी — म्हणजे अशा प्रकारची एक नक्षी माझी होती, मी बसवलेली, रात्र रात्र जागून, उसवून उसवून. यांच्या बहिणीने ती माझ्याकडून शिकून घेतली गोड बोलून, आणि दुकानात जाऊन सांगितलं की तिच्या आजीपासून चालत आलीय. आजीपासून! माझा नवरा तेव्हा जिवंत होता, तोही म्हणाला, जाऊ दे, नक्षीच आहे. नक्षीच आहे! हे गेले तेव्हा आली होती ती, दारात उभी राहून रडली, मी आत नाही बोलावलं. तर ती काय म्हणाली तुम्हाला? माझ्याविरुद्ध चार शब्द बोलली असेलच. — नाही? मग?

तिने विणलाय? हा मोजा? ती म्हणाली असं? तिने विणला, बाजारात नेऊन विकला, आणि कुणी घेतला ते तिला आठवत नाही? अहो साहेब! हसू नको तर काय करू, तुम्ही लिहूनही घेतलंत की काय? तिने सात जन्म घेतले तरी हे तिच्या हातून होणार नाही. तिच्या हातमोज्याला अंगठा नसतो, भोक असतं, नुसतं भोक, जागा सोडायची आणि मोकळं व्हायचं. इकडे या, उजेडात धरा. हे अंगठ्याचं बूड बघा, ही कळी, सदऱ्याच्या बगलेत घालतात तशी, एकेक टाका वाढवत वर नेलीय, आणि नक्षी कुठे तुटली का सांगा! प्रत्येक वळण वळणाला मिळालंय. हे तिला जमेल? नक्षी चोरता येते हो, हात कसा चोरणार? आणि हे बघा, इथे, सांध्यापाशी, मुद्दाम सैल ठेवलंय, डाव्या मोज्याला हे नाही करायचं, उजव्यालाच, कारण त्याचा उजवा अंगठा दारात चेंगरला तेव्हापासून सांधा जाडच राहिलाय, साधा अंगठा घातला की थंडीत ठणकतो, सांगत नाही तो, पण मला दिसतं ना, पेला डाव्या हाताने उचलतो मग —

कुणाचाही. कुणाचाही सांधा असा असू शकतो म्हणतेय मी.

गळला बघा टाका. वेणीतला. आता हा खाली किती घरं गेला ते शोधायला हवं, आणि या दिवसात या खिडकीतून उजेड कसला येतो, नावाला. थांबा, बोलू नका जरा. — मी म्हणत होते, असतं कुणाकुणाचं असं. तुमचाच अंगठा बघा, तुमचाही जाड असेल. बायका अंदाजाने सैल ठेवतात. मी विणते म्हणून मला दिसतं, एखादा वैद्य कसा नुसता चेहरा बघून दुखणं ओळखतो, तसं. त्यात काय एवढं?

पण तिने असं का सांगितलं? तिचा नाही हे तिला माहीत आहे. तिने हातात घेतल्या घेतल्या ओळखलं असणार कुणाचा ते, माझ्याकडूनच शिकलीय ती, ओळखणार नाही? आणि तरी म्हणाली, माझा. गिऱ्हाईक आठवत नाही म्हणाली. म्हणजे तुम्ही तिथूनच परत गेला असतात, इथे आलाच नसतात, सगळं तिच्याच उंबऱ्यावर संपलं असतं. एवढ्या वर्षांत माझं तोंड बघितलं नाही तिने, मी बघू दिलं नाही, आणि तुम्ही मोजा समोर धरलात तर — भाचा आहे ना तो तिचा. तिने अंगाखांद्यावर खेळवलाय त्याला. आणि मी! मी काय केलं हे? अंगठा दाखवत बसले तुम्हाला! जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

नाही, नाही, ऐका, माझं चुकलं. तिचाच आहे. सुधारला असेल तिचा हात, मी कुठे बघितलंय इतक्यात तिचं काम? ती म्हणतेय ना तिचा, मग तिचाच, तुम्ही तिचंच लिहिलेलं कायम ठेवा. मी जळून बोलले. नणंदा-भावजयांचं तुम्हाला माहीत नाही का, एकीचं चांगलं दुसरीला बघवत नाही. असं लिहा हवं तर, की म्हातारी मत्सरी आहे, बोलण्यात राम नाही. मी सही करते त्याच्याखाली.

रंगाचं काय? हा निळा कुठेही मिळतो. हा मोहरी पिवळा नाही मिळत, खरंय. गिरणीने बंद केली ती छटा, मागणी नाही म्हणाले. पण घरोघरी उरलेली असते ना लोकर, जुनी. माझ्याकडची? माझ्याकडची संपली. म्हणून तर ती टोपलीतली जोडी अडलीय, एक हात झालाय, दुसऱ्याचं नुसतं मनगट. लग्नात द्यायची आहे कुणाला तरी, दुकानवाली रोज माणूस पाठवते, झाली का झाली का. सगळी दुकानं पालथी घातली मी. मेल्यांनी गोदामात वरच्या फळीवर ठेवलीय ती मोहरी, पडलीय नुसती, उंदीर कुरतडतील पण मला मिळायची नाही, असं मी जेवताना बोललेसुद्धा काल रात्री, डोकंच फिरलं होतं माझं — कुणाशी म्हणजे? मांजराशी. मांजराशी बोलते मी जेवताना. वरच्या फळीवर आहे हे मला कसं माहीत — सगळ्यांना माहीत आहे ते.

नुसते बघता. गिरणीतून गेलं काय, ते तरी सांगा. यंत्राचे भाग गेले असतील, तांबं वगैरे, ते विकलं जातं. तिजोरी फोडली का? — काहीच नाही? मग कुलूप कशाला — लोकर. लोकर गेली. किती? एवढीच? एक पिशवी भरेल एवढी? कुठल्या रंगाची, साहेब?

मोहरी. फक्त मोहरी.

असा कसा वेडा असेल कुणी? एवढ्यासाठी? एका हातमोज्यापुरत्या लोकरीसाठी कुणी कुलूप तोडतं का? कुणी सांगितलं होतं त्याला? मी कुरकुरतेच, माझा स्वभावच आहे तो, भाजीवर कुरकुरते, थंडीवर कुरकुरते, आयुष्यभर कुरकुरतेय, तो मान खाली घालून जेवतो आणि उठतो, ऐकतोय असं वाटतही नाही. काल रात्रीही काही बोलला नाही. ताट धुऊन ठेवलं आणि अंगात कोट — कुणाचा कोट? कुणाचा नाही. माझं काय ऐकताय, तोंडाला येईल ते बडबडतेय मी, दुपारपासून पोटात काही नाही माझ्या. कुणीतरी वेडा असेल, एवढंच म्हणतेय. जगात वेड्यांची कमी आहे का?

हो, या. उठलात ते बरं केलंत. झालं ना तुमचं? लिहिलंत ना काय लिहायचं ते? मोजा कुणाचा ते कळलं नाही, नणंद म्हणते तिचा, भावजय म्हणते माझा नाही, मुलगा मामाकडे. बस्स. सुखरूप आहे तो. मी आई आहे, मला कळणार नाही का? हरवलं नाही कुणी या घरातून. कप राहू द्या तिथेच, मी उचलते नंतर. दार जाताना घट्ट ओढून घ्या, गार वारा आत येतो.

काय म्हणालात? कालव्यावरून माणसं परत बोलावता म्हणजे? कालव्यावर कशाला आहेत माणसं?

नाही, मला कुणी सांगितलं नाही. दूधवाला काही बोलला नाही कालव्याचं. कुंपणाच्या मागे कालवा आहे ते माहीत आहे मला. पिशवी मिळाली? काठावर? लोकरीची, भिजलेली. आणि काठाची माती — घसरल्यासारखी. घसरल्यासारखी म्हणजे पलीकडून वर चढल्याच्या खुणा आहेत ना? असतीलच, नीट बघा, तिथे गवत आहे, गवतात दिसत नाही — नाहीत? सकाळपासून गळ टाकून बघताहेत आणि काही मिळालं नाही. मग बघू द्या ना अजून! परत का बोलावता? हे कसलं बोलणं तुमचं, कुणी हरवलंय असं कुणी सांगत नाही, म्हणून पाण्यात शोधण्यात अर्थ नाही? म्हणजे कुणी सांगितलं तरच शोधायचं? आणि नाही सांगितलं तर पिशवी वाहत आली असं लिहून घरी जायचं? तो कुठेतरी अडकला असेल, त्या पुलाखाली जाळी आहे, जाळीला धरून बसला असेल, थंडीने बोलता येत नसेल त्याला —

थांबा. दार नका उघडू. थांबा साहेब.

माझा आहे. तो मोजा माझा आहे, मीच विणलाय, माझ्या मुलासाठी, उजव्या हाताचा आहे. नणंद खोटं बोलली, मीही खोटं बोलले. मामाकडे नाही गेला तो. रात्री बाहेर पडला तो आलाच नाही, दाराची कडीसुद्धा नाही लावली मी, ते ताट त्याचं आहे. पोहता येत नाही त्याला. एवढा उंच वाढला पण पाण्याला भितो, लहानपणापासून भितो, काठाने चालतानासुद्धा माझा हात धरायचा. आत टाका त्याला, जितकी वर्षं टाकायचं तितकी टाका, मी त्या मिशीवाल्या साहेबांच्या पाया पडणार नाही की तुमच्या, पण आधी बाहेर काढा. आणि हे आत्ता सांगता? चहा पीत बसलात इथे, माझी टाच वळवणं बघत बसलात, आणि तो तिकडे — काय लिहिताय आता! लिहू नका, फोन लावा त्यांना, हलू नका म्हणावं तिथून. उंच आहे म्हणावं, खाकी कोट आहे, डाव्या हातात मोजा असेल. डाव्या. उजवा हात उघडा असेल, फाटलेला असेल. अहो माझ्याकडे काय बघताय, मी कुठे पळून जाणार आहे? मी येते मागून, चप्पल घालते आणि येते, माझ्यासाठी नका थांबू. जा तुम्ही. उजेड आहे तोवर जा ना!